बोर, बोराटी आणि येरोणी : आपल्या माळावरील झुडपांची ओळख

गतवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्या विद्यालयाचा एक माजी विद्यार्थी वसतिगृहातील मुलांना भेटावयास आला. तो पुण्यात नोकरीस असतो. खाऊ म्हणून त्याने सुकवलेल्या ब्लूबेरीची पाकिटे आणली होती. सातवीतील एका मुलाने पाकिटावरील चित्र बराच वेळ न्याहाळले आणि मला विचारले, "सर, ही येरोणीच हाय ना? आमच्या गावाकडं वड्याला लई असती." शेजारच्याने त्याला हसून गप्प केले. तिसऱ्याने तोडगा काढला : हिंदीत बोराला बेर म्हणतात, इंग्रजीत बेरी म्हणतात, तेव्हा ही बोराचीच निळी जात असली पाहिजे.

मी इतिहासाचा शिक्षक. विज्ञानाच्या सरांकडे बोट दाखवून मी मोकळा होऊ शकलो असतो. परंतु मुलांनी जी चूक केली होती ती मूळची माझ्याच विषयातील चूक होती. दोन शब्द सारखे वाजले म्हणून ते एका मुळाचे मानणे आणि दोन वस्तू सारख्या दिसल्या म्हणून त्या एका कुळाच्या मानणे, या दोन खड्ड्यांत इतिहासाचे नवखे अभ्यासक नेहमीच पडतात. 'बोर' व 'बेर' हे शब्द संस्कृत व पाली 'बदर' या शब्दापासून आले. इंग्रजी 'बेरी' हा त्या भाषेच्या जर्मानिक पूर्वजांकडून आलेला निराळा शब्द आहे. त्यांचे साम्य निव्वळ योगायोगाचे. शब्दांचा निकाल असा लागला. झुडपांचा निकाल लावण्यासाठी मात्र मुलांना घेऊन लागोपाठ काही रविवार माळावर हिंडावे लागले. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा त्या रविवारांचाच पाठ लिहून द्यावा असे ठरविले.

प्रथम त्या परदेशी पाहुण्याविषयी. ब्लूबेरी ही व्हॅक्सिनियम नावाच्या वंशातील झुडपे होत. हा वंश भारतात मुळीच नाही असे नव्हे. निलगिरी व पळणीच्या उंच डोंगरांवर, खासी टेकड्यांत आणि पूर्व हिमालयात त्याच्या रानटी जाती वाढतात. या झुडपाला थंड हवा आणि आम्ल माती लागते. परभणीची काळी माती चुनखडीची, आम्लतेच्या उलट गुणाची. आणि आपला उन्हाळा तर सर्वांस ठाऊक आहे. म्हणून जिंतूरच्या डोंगरांपासून गोदाकाठापर्यंत कितीही हिंडलो तरी रानटी ब्लूबेरी आपल्याला आढळणार नाही.

ती ओळखायची कशी, हे मात्र शिकण्याजोगे आहे, कारण त्यातून एक चांगली कसोटी हाती लागते. तिच्या झुडपाला काटे नसतात. पाने एकाआड एक येतात, फुले लहान घंटांसारखी खाली लोंबतात, आणि फळाच्या देठाविरुद्धच्या टोकाला पाच दातांचा एक छोटा मुकुट असतो. हा मुकुट म्हणजे फुलाच्या बाहेरच्या हिरव्या पाकळ्यांचा, म्हणजे निदलपुंजाचा अवशेष होय. फळ जर फुलाच्या खालच्या भागात धरले असेल, तर हा अवशेष फळाच्या टोकाला राहतो. डाळिंबाचा मुकुट आणि पेरूच्या टोकाची पाकळीदार खूण सर्वांनी पाहिली आहे. जांभळाच्या टोकालाही उथळ वाटीसारखी खूण असते. याउलट बोर, करवंद, टेंभुर्णी, वांगे यांत अवशेष राहिलाच तर देठाकडे राहतो. मुलांना मी एवढेच सांगितले की फळ हातात आल्यावर मुकुट कोणत्या बाजूला आहे ते पाहा. येरोणी आणली, उलटी केली. टोक गुळगुळीत निघाले. नंतर फोडली. ब्लूबेरीत बारीक बारीक अनेक बिया असतात. येरोणीत एकच कठीण आठळी निघाली. सातवीतील त्या मुलाने आपला दावा स्वतःच मागे घेतला. शिक्षकाने चूक दाखवून देण्यापेक्षा असे झालेले मला अधिक आवडते.

मग ब्लूबेरीचे आपल्याकडे कोणीच नातलग नाहीत काय? आहेत, आणि ते पाहून आम्ही सगळेच चकित झालो. वनस्पतिशास्त्रात जाती, वंश, कुल आणि गण अशा चढत्या पायऱ्या मानतात. ब्लूबेरी ज्या गणात मोडते, त्याच गणात आपली टेंभुर्णी, मोह, चिकू, खिरणी आणि रोजच्या कपातला चहा हेही मोडतात. म्हणजे जिच्या पानांची विडी वळतात ती टेंभुर्णी दूरची का होईना, पण ब्लूबेरीची सोयरी. आणि दिसायला तिच्याजवळची येरोणी मात्र परक्या घरची. बोर आणि येरोणी यांचा गण निराळा. त्यात गुलाब, तुती, वड आणि पिंपळ हे आहेत. ज्या वृक्षाखाली तथागतांना संबोधी प्राप्त झाली तो पिंपळ आणि बांधावरची काटेरी बोराटी एका गणातली, हे ऐकून मुले क्षणभर स्तब्ध झाली.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. फळ्यावर 'जाती' हा शब्द लिहिताच मागच्या बाकावर कुजबूज झाली. आपल्या मुलांच्या कानाला तो शब्द टोचतो, आणि का टोचतो हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. मी त्यांना म्हणालो की वनस्पतिशास्त्रातील जाती ही ओळखीची सोय आहे. तिच्यात वरचे आणि खालचे असे काही नसते, आणि नव्या पुराव्याने ती बदलतेही. एक मुलगी म्हणाली, "मग सर, दुसरा शब्द घ्या ना." मजजवळ दुसरा शब्द नव्हता. त्या दिवसापासून आम्ही वर्गात 'प्रकार' म्हणतो. शास्त्राच्या काटेकोरपणात थोडी तूट येते, ती मी मान्य करतो.

आता मुख्य पाठ. बोराचा वंश ओळखावयाचा तर फळ सर्वांत शेवटी पाहावे. फळ वर्षातून दोन-तीन महिने असते. पान आणि काटा बाराही महिने भेटतात, उन्हाळ्यातील पानगळीचा काळ सोडला तर. पान हातात घेऊन देठाजवळ पाहावे. तेथून एक नव्हे तर तीन ठळक शिरा निघून टोकाकडे जातात. आंब्याच्या किंवा पेरूच्या पानात मधोमध एकच मुख्य शीर असते, हे ताडून पाहिले की फरक डोळ्यांत भरतो. नंतर पान उलटे करावे. बोराच्या पानाची खालची बाजू पांढुरकी, लोकरीसारख्या बारीक लवेने झाकलेली असते. ही लव पानातील ओल राखते. शेवटी काटा पाहावा. देठाच्या बुडाशी काट्यांची जोडी असते. एक काटा सरळ आणि दुसरा मागे वळलेला, आकड्यासारखा. बाभळीचे काटेही जोडीनेच येतात, पण ते दोन्ही सरळ असतात आणि तिचे पान बारीक दलांचे बनलेले असते. तीन शिरा, पांढरी पाठ, सरळ-वाकडी जोडी : एवढे जमले की झाड बोराच्या वंशातील आहे असे खुशाल समजावे.

या खुणा असलेले मोठे झाड म्हणजे बोर. त्याचे पान लंबगोल, वरून चकचकीत हिरवे व खालून पांढरे. बागेतील उमराण, कडाका, मेहरूण ही सर्व याच प्रकाराची कलमे. १९९० साली रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग योजना आली, तेव्हा मराठवाड्यात अनेकांनी ही कलमे लावली. बोराची एक रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इतर झाडे पाण्यावाचून होरपळत असतात तेव्हा बोर पाने टाकून झोपी जाते. म्हणूनच छाटणी भर उन्हाळ्यात करतात. खोल गेलेल्या मुळांच्या बळावर ते पुन्हा फुटते, पावसाळ्याच्या सरतीला बारीक पिवळट-हिरवी फुले धरते आणि थंडीत फळ देते.

माळावर कमरेएवढे, फार तर डोक्याएवढे वाढणारे झुडूप म्हणजे बोराटी. लोक तिला 'बोराचे रोप' समजतात आणि मोठी झाल्यावर ती बोर होईल अशी वाट पाहतात. ती होत नाही. तो स्वतंत्र प्रकार आहे. तिचे पान लहान, जवळजवळ वाटोळे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लव असते. बोराच्या पानाची वरची बाजू तुळतुळीत लागते, बोराटीची मऊ लागते. मुलांनी डोळे मिटून बोटांनी दोन्ही पाने ओळखून दाखविली. हिची फळे हरभऱ्यापेक्षा थोडी मोठी, तांबडी, आंबटगोड. आपण ज्यांना चन्यामन्या बोरे म्हणतो ती हीच. शेळ्यांना हिचा पाला प्रिय. कुंपणासाठी कितीही तोडली तरी बुडख्यातून ती पुन्हा उभी राहते.

तिसरी येरोणी. ही धड झुडूप नाही आणि धड वेल नाही. दुसऱ्या झाडावर आकडे टाकून ती वर चढते, म्हणून तिच्यात सरळ काटा सहसा नसतो. आखूड, वाकडा, एकटा काटा असतो. पान टोकदार, आणि बुडाशी दोन्ही बाजू असमान : एक बाजू खाली उतरलेली, दुसरी वर राहिलेली. फळ वाटाण्याएवढे, पिकले म्हणजे काळेभोर व चमकदार. ब्लूबेरीवर एक निळसर पांढरी भुकटी असते, जणू श्वास टाकलेली काच. ती येरोणीवर नसते.

चौथे घटबोर, डोंगरउतारावरील पानगळीच्या रानात आढळणारे. याचे पान रुंद व मऊ, फळ मोठ्या गोटीएवढे, करडे, मखमली, आणि आतून लाकडासारखे कठीण. ते कोणी आवडीने खात नाही. परंतु चामडे कमावण्यासाठी आणि ते काळे करण्यासाठी ते वापरले जात असे. या फळाची पारख असणारे लोक कोण होते, ते कोणत्या वस्तीत राहत, आणि त्यांचे रसायनज्ञान कोणत्या पुस्तकात नोंदले गेले, असे प्रश्न मी इतिहासाच्या तासाला विचारतो. पहिल्या दोहोंची उत्तरे मुले देतात. तिसऱ्याला वर्ग गप्प होतो.

कोकणात किंवा सह्याद्रीच्या घाटात स्थायिक झालेल्या आपल्या विद्यार्थ्यांना तोरणे खावयास मिळत असतील. पिठूळ गराचे ते पांढरे फळही बोराच्याच वंशातील. आपल्या कोरड्या माळावर मात्र ते येत नाही.

एक फसवी जागा सांगून पुढे जातो. तीन शिरांची पाने धामण, गांगेरी व फालसा यांनाही असतात. परंतु त्यांच्या कडा दातेरी असतात आणि काटे नसतात. फालशाचे जांभळे फळ रंगाने ब्लूबेरीच्या जवळ जाणारे; विनयपिटकातील महावग्गात भिक्खूंना ज्या आठ पेयांची अनुज्ञा आहे, त्यांत आंबा व जांभूळ यांच्या सोबत 'फारुसक' येते, ते हेच फळ होय.

बोराचे नाते माणसाशी फार जुने आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्ती सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील. जळालेल्या धान्याच्या जोडीने तेथे बोराच्या आठळ्याही मिळाल्या. शेती करणारी माणसेही रानातील फळ सोडत नव्हती. आयुर्वेदाच्या ग्रंथांत सौवीर, कोल आणि कर्कंधू असे आकारमानावरून बोराचे भेद आहेत; त्यांतील सर्वांत लहान कर्कंधू आपल्या बोराटीच्या जवळचे. आपल्या परभणी जिल्ह्यात तर जिंतूर तालुक्यातील बोरी गावाने हे झाड नावातच बाळगले आहे.

यांतील 'कोल' हा शब्द मज्झिम निकायाच्या महासीहनाद सुत्तात येतो. संबोधीपूर्वीच्या कठोर तपश्चर्येचे वर्णन करताना भगवान बुद्ध सारिपुत्ताला सांगतात की आहाराच्या नियमनाने शुद्धी होते असे मानणारे काही श्रमण केवळ बोरांवर राहत. आपणही एके काळी दिवसाला एकाच बोरावर राहिलो. आणि लगेच पुढे सांगतात की त्या काळी बोर मोठे असेल असे तुला वाटेल, पण तसे समजू नकोस. ते आजच्याएवढेच होते. हे सुत्त मी अनेकदा वाचले होते, पण या वाक्याकडे माझे लक्ष गेले नव्हते. ऐकणारा मनातल्या मनात बोर मोठे करून घेईल आणि त्यातून चमत्काराची कथा तयार होईल, हे आधीच ओळखून ती वाट तेथेच बंद केलेली आहे. माळावरून आणलेले बोराटीचे एक फळ मी मुलांच्या तळहातावर ठेवले आणि दिवसभर एवढ्यावर राहून पाहण्याची कल्पना करा म्हणालो. तपश्चर्या शरीराला कोठवर नेते आणि ती का सोडावी लागली, हे निराळे समजावून सांगावे लागले नाही.

स्वेच्छेने एका बोरावर राहणे वेगळे आणि दुसरे काही नाही म्हणून बोरावर राहणे वेगळे. माझ्या लहानपणी, १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आमच्या वस्तीत ताज्या होत्या. आम्हाला जमीन नव्हती. गायरान हेच आमचे शेत. थंडीत आई पहाटे गायरानात जाई आणि ओटीभर बोरे आणी. काही ज्वारीच्या बदल्यात मापट्याने जात, उरलेली वाळवून कुटून त्याचे बोरकूट होई. गायरानातील प्रत्येक झुडपाला तिने नाव दिले होते. ओढ्याच्या वळणावरची 'खोबरी', पलीकडची 'आंबटी', मसणवट्याजवळची 'शेंबडी'. कोणती आधी पिकते, कोणत्या बोरात हमखास अळी निघते, कोणती वाळवली तर टिकते, हे तिला तोंडपाठ होते. तिला अक्षर येत नव्हते. मी एम.ए. झालो, पण 'खोबरी'ची जागा आज मला दाखवता येणार नाही. आईला जाऊन बरीच वर्षे झाली आणि त्या गायरानाचा ओढ्याकडचा भाग आता सपाट झाला आहे.

याच संदर्भात ब्लूबेरीची एक हकिकत मुलांना सांगितली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत अमेरिकेतही ती रानातूनच वेचली जात असे. न्यू जर्सी राज्यातील एलिझाबेथ व्हाइट नावाच्या बागायतदार स्त्रीने १९११ पासून फ्रेडरिक कोव्हिल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या साहाय्याने तिची लागवड करावयास घेतले. उत्तम झुडपे कोठे आहेत हे त्या दोघांना ठाऊक नव्हते. रानात फळे वेचणाऱ्या गरीब माणसांना ठाऊक होते. व्हाइटबाईंनी त्यांना सुमारे १६ मिलिमीटर रुंद भोक पाडलेली पट्टी दिली; त्या भोकातून खाली न पडणारे फळ ज्या झुडपाला येईल ते दाखवणाऱ्यास पैसे दिले, आणि झुडपाला त्याचेच नाव दिले. रूब लीक नावाच्या माणसाने दाखवलेले झुडूप 'रुबेल' म्हणून आजही लावले जाते. १९१६ साली लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले पीक बाजारात गेले. पाकिटातील फळाच्या मागे ही कथा आहे. आपल्या उमराण-कडाका-मेहरूणांत एकाही वेचणारणीचे नाव नाही.

आता सावधगिरीचा भाग, आणि तो पालकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. पुष्कळ वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत होतो. तेथे कुंपणाला चंद्रज्योत लावलेली होती. तिलाच मोगली एरंड म्हणतात. मधल्या सुट्टीत चार-पाच मुलांनी तिच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून खाल्ल्या. तासाभरात उलट्या सुरू झाल्या. मुले वाचली, पण ती रात्र दवाखान्याच्या व्हरांड्यात कशी काढली ते आम्हालाच माहीत. त्या कुंपणाकडे रोज पाहत असूनही मला ते झाड ओळखता येत नव्हते. ही लाज मनात आहे म्हणूनच इतिहासाचा मास्तर झुडपांवर लिहीत आहे.

काळ्या-जांभळ्या लहान फळांत दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो. टणटणीची, म्हणजे घाणेरीची फळे पिकल्यावर काळी होतात; तिची पाने समोरासमोर, खरखरीत आणि चुरगळली की उग्र वासाची. तिची हिरवी फळे विषारी आहेत. कामोणीची पिकलेली काळी फळे खेड्यात खातात, पण हिरवी घातक असतात. तिला काटे नसतात, ती मऊ खोडाची असते आणि फळाच्या देठाकडे हिरवी टोपी असते. दुसरा इशारा चिकाचा. पान तोडताच पांढरा चीक आला तर हात मागे घ्यावा. करवंदालाही चीक असतो आणि ते खाद्य आहे, हे खरे. परंतु त्याच्याच कुलात कण्हेर, पिवळी कण्हेर व रुई आहेत, आणि पिवळ्या कण्हेरीची बिट्टी जीव घेते. करवंदाची खात्री समोरासमोरची चिवट पाने आणि टोकाशी दुभंगलेला जाड काटा पाहूनच करावी. गुंजेचे लाल-काळे दाणे मुलींच्या खेळात असतात. ते चावले गेले तर प्राणावर बेतते. आमच्या वसतिगृहात आता साधा नियम आहे : पान, काटा आणि चीक या तिन्हींची ओळख मोठ्या माणसाला सांगितल्याखेरीज फळ तोंडात घालावयाचे नाही.

बोराटीचे दिवस मात्र कठीण आले आहेत. बांध कोरून जमीन वाढवली जाते, जेसीबीचा एक हात फिरला की वीस झुडपे मुळासकट वर येतात. आणि तोडल्यावर फुटणारी बोराटी उपटल्यावर फुटत नाही. बांधावरच्या काट्यात तितर-लावरी राहत, कोल्ह्यालाही पडलेली बोरे मिळत. शेतकऱ्याला दोन तासांची जादा जमीन मिळते हेही मी नाकारीत नाही. ज्याच्याजवळ दोनच एकर आहेत त्याला बांध सोडा असे सांगणे मला जमत नाही. परंतु विद्यालयाच्या मागची पट्टी कोणाच्या पोटावर येत नाही. तेथील बोराटी व येरोणी या वर्षी आम्ही तोडू दिली नाही. कुंपणाच्या तारेला येरोणी बिलगली आहे, कपडे फाटतात अशी तक्रार आहे, ती खरी आहे.

मुलांनी जुन्या वहीच्या कागदांवर पानांचा संग्रह सुरू केला आहे. त्यात बोर, बोराटी व येरोणी आहेत. घटबोराचे पान अद्याप मिळालेले नाही आणि तोरणाचे मिळणे येथे शक्य नाही. जिंतूरच्या डोंगराकडील पालकांनी आणि कोकणात असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी ही दोन पाने पाठवावीत. काट्यासह वीतभर फांदी तोडून वर्तमानपत्रात चार दिवस जाड पुस्तकाखाली दाबून ठेवावी, कागद एकदा बदलावा, आणि गावाचे नाव, तारीख व घरातील वडीलधारी माणसे त्या झुडपाला ज्या नावाने हाक मारतात ते नाव चिठ्ठीवर लिहावे. फळ पाठवू नये. ते वाटेत नासते.